व्यापारतोलाचा अर्थ : भूतान आणि मालदीव यांची तुलना

वस्तूंच्या निर्यातमूल्यातून आयातमूल्य वजा केले असता जी रक्कम उरते, तिला व्यापारतोल म्हणतात. ही रक्कम ऋण असली की अर्थव्यवस्था दुर्बल, असा निष्कर्ष परीक्षार्थी अनेकदा घाईने काढतात. भूतान आणि मालदीव या भारताच्या दोन छोट्या शेजाऱ्यांचा अनुभव हा निष्कर्ष तपासून पाहण्यास उपयुक्त ठरतो. दोहोंची लोकसंख्या 10 लाखांहून कमी असून दोहोंचाही व्यापारतोल बहुतांश काळ प्रतिकूल राहिला आहे. तुटीचे स्वरूप मात्र भिन्न आहे.

भूतान : विकासाच्या गुंतवणुकीतून तूट

भूतानचा बहुतांश व्यापार भारताशी चालतो आणि त्याचे चलन न्गुलट्रम हे भारतीय रुपयाशी समान दराने जोडलेले आहे. भारताच्या साहाय्याने उभारलेला 336 मेगावॅटचा चुखा प्रकल्प 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि वीज ही निर्यातीची प्रमुख वस्तू बनली. 1020 मेगावॅटचा ताला प्रकल्प 2006-07 मध्ये कार्यान्वित झाल्यावर 2007 मध्ये निर्यात आयातीच्या पुढे गेली. हे आधिक्य टिकले नाही. नव्या प्रकल्पांसाठी यंत्रसामग्री व पोलाद यांची, तर वाढत्या उत्पन्नामुळे वाहने व इंधन यांची आयात वाढली. 2012 मध्ये रुपयांची तीव्र टंचाई निर्माण होऊन वाहनांच्या आयातीवर निर्बंध घालावे लागले. त्या वेळी डॉलरची गंगाजळी हाती होती. उणीव होती ती रुपयांची. शिवाय हिवाळ्यात नद्यांचे पाणी घटले की वीज निर्यात करणाऱ्या या देशाला भारताकडून वीज घ्यावी लागते.

मालदीव : सेवांनी भरून निघणारी तूट

मालदीवची वस्तुनिर्यात मुख्यत्वे मासळीची, त्यातही ट्यूनाची आहे. अन्नधान्य, इंधन व बांधकाम साहित्य बाहेरूनच येते. त्यामुळे तेथील वस्तुव्यापारातील तूट कायमची आणि मोठी आहे. 1972 मध्ये सुरू झालेल्या पर्यटनाने ही तूट बऱ्याच अंशी पेलली. पर्यटकांनी केलेला खर्च ही सेवांची निर्यात होय. ती व्यापारतोलात दिसत नाही, चालू खात्यात दिसते. या आधाराची मर्यादा 2020 मध्ये स्पष्ट झाली. 2019 मध्ये सुमारे 17 लाख पर्यटक आले होते. कोविड महामारीच्या वर्षी ही संख्या साडेपाच लाखांच्या आसपास घसरली. 2024 मध्ये डॉलरची चणचण भासली, तेव्हा ऑक्टोबरमध्ये भारताने 40 कोटी डॉलर आणि 3,000 कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीचा करार केला.

तुलनेतून निघणारे निष्कर्ष

पहिला, एका वर्षाचा आकडा दिशाभूल करू शकतो. भूतानचे 2007 चे आधिक्य हे त्याचे उदाहरण. दुसरा, आयात कशाची होते हे पाहावे. यंत्रसामग्रीची आयात उद्याची निर्यात घडवू शकते, उपभोग्य वस्तूंची सहसा नाही. तिसरा, तूट कोणत्या चलनात आणि कशातून भागते, यावर तिची जोखीम ठरते. चौथा, एकाच वस्तूवर वा सेवेवर विसंबणारी अर्थव्यवस्था बाह्य धक्क्यांना लवकर बळी पडते.

व्यापारतोल हा व्यवहारतोलाचा केवळ एक भाग आहे, हे सूत्र विद्यार्थ्यांनी उत्तर लिहिताना सतत ध्यानात ठेवावे.

सरावासाठी प्रश्न : ‘प्रतिकूल व्यापारतोल हा नेहमीच आर्थिक दुर्बलतेचा निदर्शक नसतो.’ भूतान व मालदीव यांच्या संदर्भात चर्चा करा.