आमदाराच्या मताचे वजन

चोर्ला घाट उतरला की कर्नाटक संपते आणि गोवा लागतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत घाटावरच्या आमदाराच्या मताचे मूल्य १३१, घाटाखालच्या आमदाराचे मात्र अवघे २०. हे आकडे फळ्यावर लिहिले की वर्गातून हमखास प्रश्न येतो, 'गोव्यावर हा अन्याय नाही का?'

राष्ट्रपतींना जनता थेट निवडत नाही. संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य त्यांना निवडतात. नियुक्त सदस्यांना आणि विधान परिषदेच्या आमदारांना हे मत नसते.

आता मूल्य काढू या. राज्याच्या लोकसंख्येला निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या उत्तरात हजार किती वेळा बसतात ते पाहायचे. बाकी ५०० किंवा अधिक उरली तर एक वाढवायचा. गोव्याची लोकसंख्या ७,९५,१२० व आमदार ४०. भागाकार १९,८७८, म्हणून मूल्य २०. कर्नाटकाची २,९२,९९,०१४ व आमदार २२४. भागाकार सुमारे १,३०,७९९, म्हणून १३१. म्हणजे दोन्हीकडे साधारण हजार माणसांमागे एक मत. प्रत्येक आमदाराला एकच मत दिले असते, तर गोव्याच्या माणसाचे वजन कर्नाटकातल्या माणसाच्या साडेसहा पट झाले असते! तेव्हा अन्याय झालाच असता तर तो आपल्यावर.

खासदारांचे मूल्य याच्या उलट बाजूने येते. २०२२ साली सर्व आमदारांच्या मतांची बेरीज ५,४३,२३१ होती. तिला ७७६ खासदारांनी भागले, मूल्य आले ७००. अशा रीतीने राज्ये आणि संसद यांची पारडी जवळजवळ समान राहतात. २०१७ मध्ये हेच मूल्य ७०८ होते. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती, त्यामुळे ते घटले.

चाणाक्ष मुलांच्या लक्षात आले असेल की वरची लोकसंख्या आजची नाही. ती १९७१ च्या जनगणनेची आहे, तेव्हा तर आपल्या राज्याचे नावही म्हैसूर होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवला. पुढे ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तोच कायम ठेवला. लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये, हा त्यामागचा विचार.

तो किती महत्त्वाचा आहे ते पाहा. आज उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मूल्य २०८ आणि केरळच्या आमदाराचे १५२ आहे. आमदारांची संख्या तीच ठेवून २०११ ची लोकसंख्या घेतली, तर ते अनुक्रमे ४९६ आणि २३९ होईल. लहान कुटुंबाचा प्रचार मनावर घेतला म्हणून केरळ मागे पडावा, हे आम्हाला पटत नाही. पण उत्तर प्रदेशात वाढलेली माणसेही नागरिकच आहेत, त्यांना मोजायचेच नाही असेही म्हणता येत नाही. यावर वर्गात दोन गट करून वाद जरूर घालावा.

महाराष्ट्राचे गणित मुलांनी स्वतः करावे. १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, आमदार २८८. उत्तर १७५ यायला हवे.