तरुणांची बेकारी : राष्ट्राचें धोरण व आपलें कर्तव्य

प्रतिवर्षीं परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघर पेढे वांटले जातात, परंतु त्या आनंदाच्या पाठोपाठ "आतां पुढें काय?" हा प्रश्नहि घरांत शिरतो. हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा किंवा एकट्या पालकाचा नव्हे. तो राष्ट्राचा आहे. म्हणून त्याचा थोडा पद्धतशीर विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम बेकार कोणास म्हणावें हें पाहूं. ज्याच्या अंगीं काम करण्याची शक्ति आहे, ज्यास कामाची इच्छा आहे, आणि शोध करूनहि ज्यास काम मिळत नाहीं, तो बेकार होय. आळशी मनुष्य निराळा. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याचा दाखला विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्यांतील मजूर बाजारांत दिवस मावळेपर्यंत उभे होते, ते आळसामुळें नव्हे. त्यांस कोणी कामावर लावलें नव्हतें म्हणून. धन्यानें त्यांस दोष दिला नाहीं, काम दिलें. बेकार तरुणाकडे पाहण्याची खरी दृष्टि हीच होय.

केंद्र सरकारच्या श्रमशक्ति-पाहणीप्रमाणें जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षांत पंधरा वर्षें व त्यावरील वयाच्या लोकांत बेकारीचें प्रमाण शेंकडा ३.२ होतें, परंतु १५ ते २९ वर्षांच्या तरुणांत तेंच प्रमाण शेंकडा १०.२ होतें. हे शेंकडे काम करणारे व काम शोधणारे यांच्या बेरजेवर काढतात. जो अद्याप शिकत आहे व काम शोधीत नाहीं, तो या हिशेबांत येत नाहीं. म्हणजे बेकारीचा भार तरुणांच्या खांद्यांवर तिपटीहून अधिक पडतो.

असें कां व्हावें ? पहिलें कारण हें कीं, धनी अनुभव मागतो, आणि कामावांचून अनुभव येत नाहीं. दुसरें कारण, शाळेंत जें शिकविलें जातें व कारखान्यांत जें लागतें, त्यांत अंतर पडलें आहे. तिसरें कारण, धंदे बदलतात; जुने बुडतात, नवे निघतात.

या तिसऱ्या कारणाचा दाखला आपल्या नागपुरांतच आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल ता. १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे मूळचे रेल्वेच्या मालखात्यांतील. कापडाच्या धंद्याची त्यांस माहिती नव्हती. ती त्यांनीं काम करतां करतां मिळविली, व गिरणी भरभराटीस आणली. पुढें अनेक पिढ्यांस या गिरणीनें भाकरी दिली. परंतु काळ फिरला. १९८६ सालीं ती सरकारच्या ताब्यांत गेली व २००२ सालीं बंद पडली. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. काम हीच कामाची उत्तम शाळा होय. आणि ज्यास एकच काम येतें, त्याचें घर त्या कामाबरोबरच डळमळतें.

हाताच्या कामास शिक्षणांत स्थान असावें, हा विचारहि आपल्या शेजारींच रुजला. १९३७ च्या आक्टोबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली, व डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना आंखली. तीच नयी तालीम होय. ती योजना सर्वत्र टिकली नाहीं. तरी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहाव्या इयत्तेपासून व्यवसायशिक्षणाची ओळख व दप्तराविना दहा दिवस सुचविले, तेव्हां त्या बीजाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं.

आतां राष्ट्राच्या उपायांकडे वळूं. १९५० सालीं कारागीर-प्रशिक्षणाची योजना निघाली, आय. टी. आय. या नांवानें ज्या संस्था आपण जाणतों, त्या तिच्याच आधारें चालतात. १९६१ सालीं उमेदवारीचा कायदा झाला. उमेदवारी म्हणजे कारखान्यांत प्रत्यक्ष काम करीत, विद्यावेतन घेत, धंदा शिकणें. २०१९ च्या नियमांनीं तीस किंवा अधिक माणसें कामास असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याचें बंधन घातलें. त्यांची संख्या एकंदर माणसांच्या शेंकडा अडीच ते पंधरा असावी. एकाद्या कारखान्यांत दोनशें माणसें असतील, तर कमींत कमी पांच व जास्तींत जास्त तीस उमेदवार, असा हा हिशेब होतो. २०१६ च्या योजनेंत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेंत, केंद्र सरकारनें सोसण्याचें ठरलें.

येथें सहकार्याचें तत्त्व स्पष्ट दिसतें. सरकार कायदा व द्रव्य देतें, कारखानदार यंत्र व गुरु देतो, शिक्षणसंस्था विद्या देते, आणि तरुण आपले श्रम देतो. जर्मनींत ही रीत दीर्घकाळ रुजली आहे. तेथें तरुण आठवड्यांतील कांहीं दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेंत व उरलेले दिवस कामावर घालवितो, आणि त्याची परीक्षा व्यापारी व कारागिरांचे संघ घेतात. त्यामुळें त्या प्रमाणपत्रास बाजारांत मान असतो.

परंतु चार चाकांच्या गाडीचें एक चाक निखळलें तर गाडी अडते. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्य-प्रशिक्षण योजना काढली. तींत बारावी झालेल्यांस सहा हजार, आय. टी. आय. किंवा पदविका घेतलेल्यांस आठ हजार व पदवीधरांस दहा हजार रुपये दरमहा, सहा महिनेपर्यंत देण्याचें ठरलें. पुढें मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढविली गेली. मुदत संपल्यावर कायम काम द्या, अशी मागणी प्रशिक्षणार्थ्यांनीं केली. आम्हांस ती मागणी उद्धटपणाची वाटत नाहीं. विद्यावेतन हा पूल आहे. पुलाच्या पैलतीरीं गांव नसेल तर चालणाऱ्यानें जावें कोठें? म्हणून किती प्रमाणपत्रें वांटलीं यावर नव्हे, तर वर्षानंतर किती तरुण कामावर टिकून आहेत यावर प्रत्येक योजनेची परीक्षा व्हावी.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें किंवा मुलीनें हातांत हत्यार घेतलें तर कुळास कमीपणा आला असें मानूं नये. प्रेषित पौल हा शास्त्रांत पारंगत असून तंबू करण्याचा धंदा जाणत होता, व स्वतःच्या हातांनीं कष्ट करी. मुलींस तर दुप्पट उत्तेजन द्यावें. शिकलेली मुलगी घरीं बसली तर राष्ट्राचीहि हानि होते.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही तीन गोष्टी करा. एक भाषा अशी शिका कीं तींत अर्ज निर्दोष लिहितां येईल. गणित असें शिका कीं माप व हिशेब चुकणार नाहीं. आणि सुटींत एक तरी हस्तकौशल्य शेवटास न्या. सरकार दार उघडूं शकेल, कारखानदार आंत बोलावील. पण उंबरठा ओलांडणें तुमच्याच पायांचें काम आहे. आणि तुमच्यांपैकीं जे उद्यां स्वतः धनी होतील, त्यांनीं बाजारांत सायंकाळपर्यंत उभ्या राहिलेल्यांस विसरूं नये.