विशेषणं एकटी पाठ होत नाहीत

चि. भाचीबाईस,


बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहायला गेल्यापासून ऑफिसातल्यांचं इंग्रजी भारदस्त आणि आपलं सपक वाटतं, म्हणून तू भारी विशेषणांची यादी पाठ करायला घेतलीस. उत्साह उत्तम, पद्धत मला पटत नाही. विशेषण नामासकटच शिकावं लागतं. चकली खुसखुशीत आणि पालवी लुसलुशीत, हे तुला कुणी यादीतून शिकवलं नाही. तरी उलट केलं तर कानाला खटकतं. इंग्रजीतही चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नाही. कोश अर्थ सांगतो. कोण कुणाशेजारी बसतं ते वाचनातच कळतं. तू म्हणशील, परीक्षेला यादीच लागते. पण जीआरई या प्रवेशपरीक्षेनेही ऑगस्ट 2011 पासून विरुद्धार्थी शब्द आणि ‘ॲनालॉजी’ वगळल्या. आता शब्दज्ञान तपासतात ते मुख्यतः वाक्यातल्या गाळलेल्या जागांतून, आणि उत्तर ठरवतं ते आजूबाजूचं वाक्य. अर्धवट ओळखीचे शब्द उजळायला यादी चालेल, त्यापुढे नाही.

मग वाचायचं काय? कादंबऱ्या आहेतच, पण मी आधी सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ सुचवेन. 1941 साली आलेलं हे पुस्तक पक्षी ओळखायला लिहिलंय, आणि तिथे विशेषण चुकलं की पक्षीच चुकतो. पक्षिवर्णनातले ‘ग्लॉसी’, ‘डिंगी’, ‘रूफस’, म्हणजे तकतकीत, मळकट, तांबूस-तपकिरी, हे शब्द शोभेचे नाहीत. अगरा तलाव तुझ्या शेजारीच आहे. पाणकावळ्याचा काळा आणि कावळ्याचा काळा इंग्रजीत वेगळे करून दाखव. ढोकरी बसलेली असताना मातकट, उडाली की पांढरीशुभ्र. हा फरक दोन ओळींत पकड. शब्द अडेल तेव्हाच कोश उघड, कारण गरजेपोटी शोधलेला शब्द सहसा विसरत नाही.

यावर साध्या इंग्रजीचे कैवारी ऑर्वेल पुढे करतील. 1946 सालच्या निबंधात त्याने लांब शब्दाऐवजी आखूड वापरा, काढता येईल तो शब्द काढा, असं बजावलंय. मला ते मान्यच आहे. तुझ्या यादीतले निम्मे शब्द या कसोटीवर गळतील (आणि ऑफिसातल्या भारदस्त मंडळींचेही). पण ‘मातकट’ काढलास तर ढोकरी ओळखता येत नाही, म्हणजे तो शब्द काढता येण्यासारखा नव्हताच. लिहिलेल्या दोन ओळींतलं एकेक विशेषण झाकून बघ: पक्षी तोच राहिला तर खोड.

चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत एखादी प्रत मिळते का पाहा. नवी आवृत्तीही चालेल, तिच्यात पक्षी जास्त आहेत.

तुझा,
मामा