बॅटरीचं इन्व्हर्टरने ऐकलं पाहिजे

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घरांवर सोलर बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम मी करतो. माळेगाव, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी, भिगवण, पळसदेव हा माझा नेहमीचा पट्टा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं आणि गावोगावच्या स्लॅबवर पॅनेल चढली. मग लोकांच्या लक्षात आलं की महावितरणची लाइट गेली की भर दुपारच्या उन्हातही साधं ऑन-ग्रिड सोलर बंद पडतं. ते तसं पडायलाच हवं, नाहीतर पोलवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. पण लाइट गेल्यावरही ज्यांना घर चालू हवं, ते हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घेतात. अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर मिळतं, बॅटरीचा सगळा खर्च घरचा. तो खर्च वाया जाऊ नये, यासाठी हे लिहितो आहे.

लिथियम बॅटरीच्या आत बीएमएस नावाचं सर्किट असतं. प्रत्येक सेलचं व्होल्टेज, तापमान, आत येणारा आणि बाहेर जाणारा करंट हे सगळं ते मोजतं, आणि एका पातळ केबलवरून इन्व्हर्टरला कळवतं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत बॅटरीच खराब निघाली असं क्वचित होतं. बहुतेक वेळा दोष त्या केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये सापडतो. या कामाने जे शिकवलं ते असं.

१. कम्युनिकेशन नसतानाही सिस्टीम चालते, आणि तिथेच घात होतो

केबल न जोडताही इन्व्हर्टर सुरू होतो, पंखे फिरतात, बॅटरी चार्ज होते. फिटर निघून जातो, घरचे समाधानी असतात. अशा वेळी इन्व्हर्टर बॅटरीच्या व्होल्टेजवरून चार्जिंगचा अंदाज बांधत असतो. लेड-ॲसिड बॅटरीत हा अंदाज बराचसा जमायचा, कारण बॅटरी उतरत जाईल तसं व्होल्टेजही उतरत जायचं. आता वापरात आलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं तसं नाही. तिचं व्होल्टेज वरून खालपर्यंत जवळजवळ सपाट राहतं. सोळा सेलच्या बॅटरीत ८० टक्के आणि ४० टक्के चार्ज यांत एका व्होल्टचाही फरक नसतो. मिक्सर किंवा पाण्याची मोटर सुरू झाली तरी व्होल्टेज त्याहून जास्त दबतं. म्हणजे स्क्रीनवरचा टक्का हा बाहेरूनच ट्रॉली बघून उसाचं टनेज सांगण्यासारखा प्रकार. खरं वजन काट्यावरच कळतं, आणि बॅटरीचा काटा तिच्या बीएमएसमध्ये आहे.

लासुर्ण्याच्या एका घरी हेच झालं होतं. "दादा, झोपताना साठ टक्के दिसत होतं, पहाटे सगळं गपकन गेलं," घरातल्या काकी सांगत होत्या. त्यांच्या मिस्टरांना रात्रभर श्वासाचं मशीन लागतं. इन्व्हर्टरच्या मेनूत बॅटरीचा प्रकार 'यूजर' ठेवलेला होता आणि बीएमएसचं सॉकेट रिकामं होतं. केबल बनवून जोडली, प्रकार 'लिथियम' केला. बॅटरीवरचे दिवे आणि इन्व्हर्टरचा टक्का त्याच संध्याकाळी एक झाले. बॅटरी नवीच होती, तिच्यात काहीही दोष नव्हता.

२. दोघांची भाषा जुळते का, हे पैसे देण्याआधी बघा

बॅटरी आणि इन्व्हर्टर बहुधा दोनपैकी एका पद्धतीने बोलतात: कॅन किंवा आरएस-४८५. कॅन ही पद्धत बॉश कंपनीने १९८० च्या दशकात मोटारगाड्यांसाठी तयार केली. आरएस-४८५ वर बऱ्याचदा मॉडबस चालतं, ते १९७९ पासून कारखान्यांत वापरात आहे. दोन्ही भरवशाच्या आहेत. मात्र तार जुळली म्हणजे प्रोटोकॉल जुळलाच असं नाही. कोणता आकडा कोणत्या क्रमाने पाठवायचा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी एकच काम सांगतो: इन्व्हर्टर कंपनीची बॅटऱ्यांची मान्य यादी मागवा, तीत तुमचं मॉडेल शोधा, आणि त्यापुढचा प्रोटोकॉल नंबर लिहून घ्या. मॉडेल यादीत नसेल, तर पायलॉनटेक कंपनीची संदेशपद्धत बॅटरीला येते का, ते विचारा. ती इतर अनेक उत्पादकांनी उचलली आहे, त्यामुळे बऱ्याच जोड्या तिच्यावर जमतात. दुकानदार नुसतं "सगळ्याला चालतंय" म्हणाला, तर बिलावर तसं लिहून मागा.

३. सॉकेट सारखं दिसलं, तरी आतल्या तारा सारख्या नसतात

कम्युनिकेशनची केबल कॉम्प्युटरच्या लॅन केबलसारखी दिसते. दोन्हीकडे तेच आठ पिनांचं आरजे-४५ कनेक्टर. म्हणून कॉम्प्युटरच्या दुकानातली तयार केबल आणून खोचली जाते आणि स्क्रीनवर 'बीएमएस लॉस्ट' येतं. काही बॅटऱ्यांत कॅन-हाय चौथ्या पिनवर आणि कॅन-लो पाचव्या पिनवर असतो. काही कंट्रोलरमध्ये तेच सिग्नल सातव्या आणि आठव्या पिनवर असतात. सरळ लॅन केबल चारला चारशी जोडते, म्हणजे बॅटरी बोलते एका तारेवर आणि समोरचा ऐकतो दुसऱ्याच तारेवर. शिवाय काही सॉकेटमध्ये एखाद्या पिनवर पुरवठ्याचा व्होल्टेज असतो. चुकीच्या केबलने कार्ड जळूही शकतं.

केबल बनवताना दोन्ही मॅन्युअलमधली पिनांची आकृती शेजारी-शेजारी ठेवतो आणि कागदावर स्वतः नवी आकृती काढतो. नेहमीच्या रंगक्रमात चौथी तार निळी, पाचवी पांढरी-निळी, सातवी पांढरी-तपकिरी, आठवी तपकिरी. निळ्याची जोडी एकत्र पिळलेली असते, तपकिरीचीही तशीच. हाय आणि लो या दोन तारा नेहमी एकाच पिळातल्या घ्याव्यात, कारण त्या पिळामुळेच बाहेरचा खरखराट मारला जातो. ज्या पिना लागत नाहीत, त्यांच्या तारा मी कनेक्टरमध्ये घालतच नाही. क्रिंप केल्यावर मल्टिमीटरने एकेक पिन वाजवून बघतो.

आणखी एक तपासणी दोन मिनिटांत होते. सगळं बंद करून, दोन्हीकडे केबल जोडलेली असताना कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यातला रेझिस्टन्स मोजायचा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा. दोन्ही असतील तर मीटर ६० च्या आसपास दाखवतो. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा तार तुटली आहे. आरएस-४८५ असेल तर ए आणि बी उलटे झाले आहेत का ते बघावं. कंपन्यांच्या छापील खुणाच कधी कधी उलट असतात, आणि अदलाबदल केल्याने काही बिघडत नाही.

४. दोन-तीन बॅटऱ्या असतील तर आधी मास्टर ठरवा

इन्व्हर्टर एकाच बॅटरीशी बोलतो, बाकीच्या तिच्यामार्फत बोलतात. त्या मास्टर बॅटरीचा पत्ता कोणता, हे छोट्या डिप स्विचवर ठरतं. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, तो अंदाजाने लावू नये. जोडण्याआधी सगळ्या बॅटऱ्या सारख्या चार्ज कराव्यात, नाहीतर भरलेली बॅटरी रिकाम्या बॅटरीत एकदम करंट ओतते. पॉवर केबल सारख्या लांबीच्या घ्याव्यात. प्लस एका टोकाच्या बॅटरीवरून काढला, तर मायनस दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून काढावा. शेवटी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर एकूण अँपिअर-अवर बघा. १०० च्या तीन बॅटऱ्या जोडल्या आणि स्क्रीन १०० च दाखवत असेल, तर दोन बॅटऱ्यांची ओळख इन्व्हर्टरला अजून झालेली नाही.

५. चार्जिंगचा हुकूम बॅटरीचा चालला पाहिजे

कम्युनिकेशन म्हणजे नुसता टक्का दिसणं नाही. बीएमएस इन्व्हर्टरला तीन मर्यादा सतत कळवत असतो: किती व्होल्टपर्यंत चार्ज करायचं, जास्तीत जास्त किती करंट आत घालायचा आणि किती बाहेर काढायचा. केबल नसेल तर हे आकडे हाताने भरावे लागतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

हिशोब साधा आहे. '४८ व्होल्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांत काही पंधरा सेलच्या असतात, काही सोळाच्या. सोळाच्या बॅटरीवर ५१.२ व्होल्ट छापलेलं असतं. एका सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट. म्हणजे पंधरा सेलची ५४.७५ आणि सोळा सेलची ५८.४. जुन्या लेड-ॲसिडच्या सेटिंगमध्ये ५७.६ व्होल्ट राहिला, तर पंधरा सेलच्या बॅटरीत एकेका सेलवर ३.८४ पडतो. बीएमएस आपली बॅटरी वाचवायला तिला लाइनवरून तोडतो, आणि भर उन्हात चालू असलेला इन्व्हर्टर फॉल्टवर जातो. गिऱ्हाइक म्हणतं, "बॅटरी दुपारी बारा वाजताच ट्रिप होते." केबल जोडली की इन्व्हर्टर बॅटरीने सांगितलेला आकडा धरतो आणि हा त्रास संपतो. लेड-ॲसिडसाठी असलेलं इक्वलायझेशन मात्र मेनूत जाऊन कायमचं बंद करावं.

भिगवणकडे एका वस्तीवर एप्रिलमध्ये उलट तक्रार आली. पॅनेल भरपूर वीज देत होती, पण बॅटरीत करंट जात नव्हता. घरधनी म्हणाले, "आण्णा, सोलर बसलं वाटतं." बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये होती, बाहेर चाळिशी ओलांडलेली. स्क्रीनवर सेलचं तापमान चढलेलं होतं आणि बीएमएसने मागितलेला करंट अगदी कमी दिसत होता. बहुतेक बॅटऱ्यांत चार्जिंगची वरची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. बॅटरी स्वतःला जपत होती आणि इन्व्हर्टर तिचं ऐकत होता. कम्युनिकेशन अगदी बरोबर चालल्याचं ते लक्षण होतं. बॅटरी घरातल्या उत्तरेकडच्या खोलीत हलवली, हवा खेळायला जागा सोडली, आणि चार्जिंग पूर्ववत झालं. आपल्या भागात बॅटरीची जागा ठरवताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवावा.

६. केबल चांगली बनली, आता तिला जपा

ऊस, मका आणि गुरांचा चारा जिथे आहे तिथे उंदीर आहेत. कम्युनिकेशनची केबल पीव्हीसी पाइपातून न्यावी. बॅटरीच्या जाड डीसी केबलशेजारून ती लांबवर नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. मोटर सुरू होताच कम्युनिकेशन तुटत असेल, तर आधी अर्थिंग तपासा, मग शील्ड असलेली केबल वापरा. वळवाच्या विजांचा आपला भाग आहे. एसी आणि डीसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्शन आणि खोल, ओलसर अर्थिंग हा बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ खर्च आहे.

७. संपर्क तुटला तर काय व्हावं, हे आधीच ठरवा

अनेक इन्व्हर्टरमध्ये ही सेटिंग असते: बीएमएसचा संपर्क तुटला तर थांबायचं, की व्होल्टेजच्या अंदाजावर चालू राहायचं. मी सर्वसाधारण घरात 'थांबायचं' निवडतो. ग्रिडची लाइट असेल तर घर तिच्यावर चालत राहतं, आणि दोष लपून न राहता त्याच दिवशी कळतो. घरात आजारी माणूस असेल, वैद्यकीय मशीन चालू असेल, तर त्या कुटुंबाशी बोलून ठरवतो. तिथे चालू राहणारी सेटिंग ठेवली, तर व्होल्टेजच्या मर्यादा दोन्ही बाजूंनी आत ओढून भरतो आणि त्या मशीनसाठी वेगळी छोटी बॅकअप ठेवायला सांगतो.

८. फिटर जाण्याआधी घरच्यांनी परीक्षा घ्यावी

काम झाल्यावर घरातल्या एकाला तरी, आणि शक्य तर घरात जास्त वेळ असणाऱ्या बाईला, मी स्क्रीनसमोर उभं करतो. तीन गोष्टी दाखवतो: बॅटरीवरचा आणि इन्व्हर्टरवरचा टक्का सारखा आहे, सेलचं तापमान दिसतं आहे, बीएमएसने मागितलेला करंट दिसतो आहे. मग त्यांच्या हाताने कम्युनिकेशनची केबल काढायला लावतो. स्क्रीनवर इशारा येतो. केबल परत लावली की इशारा जातो. हे एकदा स्वतः केलं की पुढे फोनवर दोष सांगणं त्यांना सोपं जातं. प्रोटोकॉल नंबर, डिप स्विचचा फोटो, केबलच्या पिनांची आकृती आणि मेनूचा पासवर्ड एका कागदावर लिहून इन्व्हर्टरच्या शेजारी चिकटवतो. पुढचा फिटर कोणीही असो, त्याला तो कागद मिळाला पाहिजे.

मे २०२५ च्या अखेरीस आपल्याकडे तुफान पाऊस झाला, नीरा डावा कालवा फुटला, ऊन दिसेना. तशा दिवसांत पॅनेल जेमतेम चालतात आणि जे काही आहे ते बॅटरीत असतं. टक्का खरा असेल तर कुटुंब ठरवू शकतं: फ्रीज बंद ठेवू, मोबाइल चार्ज करू, एक पंखा आणि दोन दिवे रात्रभर पुरतील. टक्का खोटा असेल तर काहीच ठरवता येत नाही.

म्हणून बारामती-इंदापुरातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझं सांगणं आहे: शेवटचा हप्ता केबलची ही परीक्षा पाहिल्याशिवाय देऊ नका. आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या वायरमन-इलेक्ट्रिशियन पोरांना माझं सांगणं आहे: जाड केबलचं लग घट्ट करायला जेवढा जोर लावता, तेवढंच लक्ष या पातळ केबलकडे द्या. पॅनेल बसवणारे आता गावोगाव आहेत. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांची गाठ नीट घालून देणारा माणूस अजून हवा आहे, आणि हे काम मन लावून शिकलं तर याच तालुक्यांत चांगलं पोट भरेल.