मार्चअखेरची थकबाकी आणि पीक कर्जदाराचे हक्क

खरिपाच्या पीक कर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी मार्चअखेर संपते, आणि अतिवृष्टीने सोयाबीन गेले असेल किंवा कापसाला भाव नसेल, तर फेब्रुवारीपासूनच ‘नवं-जुनं’ करण्याची धावपळ सुरू होते. म्हणजे सावकाराकडून आठ दिवसांसाठी रक्कम उचलून जुने खाते भरायचे आणि नवे कर्ज मिळताच ती फेडायची. नवे कर्ज लांबले की या आठ दिवसांचे सहा महिने होतात, म्हणून ही वाट धरण्यापूर्वी कायद्याने काय दिले आहे ते पाहणे अत्यंत निकडीचे आहे.

मुदत उलटताच खाते थकीत होते आणि वेळेवर परतफेडीची व्याजसवलत हुकते, परंतु ते लगेच ‘अनुत्पादक’, म्हणजे वसुलीची आशा मंदावलेले, ठरत नाही. अल्प मुदतीच्या पिकांसाठी दोन पीक हंगाम थकबाकी राहिल्यावरच ते त्या वर्गात जाते. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात कर्जाचे पुनर्गठन, म्हणजे थकलेल्या रकमेचे नव्या मुदतीच्या हप्त्यांत रूपांतर, होऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या निर्देशांनी त्यासाठी 33 ते 50 टक्के पीकहानीला कमाल 2 वर्षे आणि त्याहून अधिक हानीला कमाल 5 वर्षे अशी मर्यादा घातली होती. चालू हंगामाला लागू असलेली मुदत शाखेकडे लेखी विचारावी, सोबत पंचनाम्याची प्रत जोडावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, कारण तोंडी विनंतीचा पुढे कोणताच पुरावा उरत नाही.

वसुलीलाही मर्यादा आहेत. बँकेच्या वसुली प्रतिनिधीने सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर फोन करू नये, शिवीगाळ वा धमकी देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. न्यायालयाविना तारणाचा ताबा घेण्याची मुभा देणारा 2002 चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, आणि दिवाणी हुकूमनाम्याच्या जप्तीतून उपजीविकेला लागणारी अवजारे, गुरे व बियाणे वगळली जातात. विकास सोसायटीला मात्र सहकार कायद्याच्या कलम 101 खाली थेट वसुली दाखला मिळू शकतो, म्हणून तिची नोटीस कधीही बाजूला ठेवू नये. चौकशीला हजर राहून हिशेबाचा उतारा मागावा.

खरे संकट सावकारीत आहे. गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेतले जाते, ‘पैसे दिले की जमीन उलटून देऊ’ असे तोंडी सांगितले जाते, आणि फेरफार होताच सातबाऱ्यावरचे नाव बदलते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 या व्यवहाराच्या मुळाशी जातो: खरेदी दिसत असली तरी जमीन प्रत्यक्षात कर्जाच्या तारणापोटी गेली, असे चौकशीत आढळल्यास जिल्हा निबंधक ते खत अवैध ठरवून जमीन परत करण्याचा आदेश देऊ शकतो, मात्र ती अर्जाच्या तारखेपूर्वीच्या 15 वर्षांत गेलेली असली पाहिजे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारण कर्जावर 12 टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, असे 2014 मध्ये शासनाने ठरवले. परवाना नसताना सावकारी करणे तर गुन्हाच आहे. अर्जासोबत खरेदीखताची प्रत, पैसे दिल्या-घेतल्याच्या नोंदी, मोबाईलवरील निरोप आणि जमीन आजवर कोण कसत आहे हे सांगणाऱ्या शेजाऱ्यांचे जबाब जोडावेत. तो लिहिण्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे, पात्रतेनुसार, विनामूल्य वकील मागता येतो.