तेल कुठून गळतंय, ते आधी बघ

अगं, ‘रॅक गेला, बदलावाच लागेल’ असं गॅरेजवाला म्हणाला म्हणून लगेच मान डोलवू नकोस. पॉवर स्टिअरिंगमधला सगळ्यात महाग भाग तो. गळती मात्र पुष्कळदा एखाद्या ढिल्या क्लिपपाशी, नाहीतर कुजलेल्या पाइपापाशी सापडते. समोर बाई उभी दिसली की काहींची मोठ्याच भागाकडे आधी बोट दाखवायची खोड असते, हेही ध्यानात ठेव.

गाडीखालचा डाग नक्की कसला, तिथून सुरुवात कर. रात्री पुढच्या भागाखाली पांढरा पुठ्ठा सरकव. सकाळी नुसतं पाणी दिसलं तर ते एसीचं, सोडून दे. काळपट, घट्ट असेल तर इंजिनचं तेल. रेडिएटरचं पाणी बहुधा हिरवं किंवा गुलाबी असतं आणि बोटाला तेलासारखं बुळबुळत नाही. स्टिअरिंगचं तेल बहुतेक गाड्यांत लालसर असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. आणि हे फक्त जुनी इनोव्हा, तवेरा, सुमो असल्या तेलावरच्या स्टिअरिंगच्या गाड्यांसाठी हं. धाकटीच्या स्विफ्टला मोटरवरचं स्टिअरिंग आहे, तिथे हे तेलच नसतं. तिला उगाच घाबरवू नकोस.

तुझ्या गाडीला वळवताना घूंऽऽ असा आवाज येतो म्हणालीस. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, त्याचाच तो रडका सूर. स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून बघ, तेलावर फेस दिसेल. वेगात असताना काही जाणवत नाही, पण चाक जवळजवळ जागेवरच वळवायचं झालं की दंड भरून येतात. आगरदांड्याला दिघीच्या बोटीवर गाडी चढवताना, किंवा नागावच्या वाड्यांमधल्या बोळात समोरून टेम्पो आला की कळतं. स्टिअरिंग तुटून हातात येणार नाही, फक्त जड होईल. तरी तेल ओतून ओतून दिवस ढकलू नकोस. पंप कोरडा फिरला की तोही जातो, आणि गळणारं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडलं तर पेट घेऊ शकतं.

आता मुख्य काम. इंजिन गार असताना पंप, टाकी, पाइप सगळं स्वच्छ पुसून काढ. पूर्वी रॉकेलचा बोळा फिरवायचो, आता रॉकेल मिळतंय कुठे म्हणा. डिग्रीजर वापर, फक्त पट्ट्यावर आणि अल्टरनेटरवर फवारा उडवू नकोस. चिखलाचा थर गेल्याशिवाय ताजं तेल कुठून येतंय ते कळायचंच नाही. मग भाऊजींना गाडीत बसव, इंजिन चालू करून चाक सावकाश दोन्हीकडे फिरवायला सांग, आणि तू टॉर्च घेऊन बघ. ओढणी आधी काढून ठेव, वेणी वर बांध. पट्टा फिरत असतो. चाक टोकाला नेऊन पाच सेकंदांहून जास्त दाबून धरायचं नाही. तेव्हा पाइपात टायरमधल्या हवेच्या तीसपटींहून जास्त दाब असतो, म्हणून गळती बोटाने चाचपू नकोस. पुठ्ठ्याचा तुकडा धर.

आपल्याकडे मी सगळ्यात आधी बघते तो पंपाकडून निघणारा दाबाचा पाइप. रबराच्या टोकावर लोखंडी टोपी दाबून बसवलेली असते ना, तिच्या कडेला नखाने खरवडून बघ. रेवदंड्यापासून मुरूडपर्यंत रस्ता बराचसा समुद्राच्या अंगानेच जातो. खारट ओल त्या टोपीखाली शिरते आणि तिथेच मुरते. वरून रंग शाबूत, आत गंज. तेल थेंबाथेंबाने न पडता नुसतं पाझरतं, त्यावर वाळू बसते आणि काळं खरजेसारखं कवच तयार होतं. पाहुणे गाडी थेट काशीदच्या वाळूत घालायचा हट्ट धरतात, त्यांना सरळ नाही म्हणत जा. आणि पावसाळा असो की नसो, गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायचं.

हा दाबाचा पाइप जोडून घ्यायचा नाही, नवाच घालायचा. जेसीबीचे पाइप दाबून देणाऱ्याकडे करून घेतलास तर तो या तेलाला आणि उष्णतेला चालणारा आहे ना, ते विचार. पंपाच्या जोडावरचे वॉशरही नवे हवेत. जुनेच परत घातले तर आठ दिवसांत पुन्हा डाग. टाकीकडे परत येणाऱ्या साध्या पाइपाची क्लिप ढिली असेल तर काम पाच मिनिटांचं. पंपाच्या पुलीमागून तेल येत असेल तर त्याचं सील गेलं.

रॅक खरंच गेला का, तेही तुला बघता येईल. दोन्ही टोकांना घड्या घड्यांचे रबरी बूट असतात. नुसता बाहेरून ओला बूट हा पुरावा नव्हे, वरचं तेल ओघळून तिथे येतंच. बुटाची आतल्या बाजूची क्लिप सोडायला लाव. आतून तेल ओघळलं तरच रॅकचं सील गेलं म्हणायचं. तेव्हाही रॅकचा आतला दांडा गंजून खरबरीत झालेला नसेल तर सील किटवर भागतं का ते विचार. दांड्यावर खड्डे पडले असतील तर मात्र नवं सीलही टिकणार नाही, तिथे पैसे वाचवायला जाऊ नकोस. रॅक उतरवला की अलाइनमेंट करावीच लागते.

गळती बंद करणारी बाटली ओत, असं कुणीतरी सांगेलच. ती सील फुगवते, चार दिवस बरं वाटतं. फुटलेल्या पाइपाला तिचा उपयोग शून्य. आणि ब्रेकचं तेल तर चुकूनही घालू नकोस, सगळी सीलं खराब होतील. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलंय तेच तेल.

काम झालं की हवा काढल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नकोस. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवायचं, तेल उतरेल तसं भरत राहायचं, बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू. हे तुझ्यासमोर करायला सांग, आणि बदललेला जुना पाइप मागून घे. द्यायला कां-कूं केलं, तर बिल देण्याआधी मला फोन लाव.