निरीक्षणाची वही : एका बालविकास प्रयोगशाळेचे माजी विद्यार्थी

प्रयोगशाळा म्हटली की परीक्षानळ्या, रसायने आणि सूक्ष्मदर्शक यंत्र डोळ्यांपुढे येतात. मानव विकासाच्या अभ्यासकाची प्रयोगशाळा मात्र पुष्कळदा एखाद्या घराचे माजघर असते, आणि त्याचे मुख्य साधन म्हणजे वही व पेन्सिल. अशा प्रयोगशाळेचे मोल कशावरून ठरवावे? तिच्यातून निघालेल्या प्रबंधांच्या संख्येवरून, की तेथे शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या पुढील कार्यावरून? अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. मेरी एन्सवर्थ यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थी-संशोधकांच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. अंगणवाडी, बालवाडी व प्राथमिक शाळा यांच्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना या उदाहरणातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

गुरूंची जडणघडण

एन्सवर्थ यांचा जन्म १९१३ सालचा. त्यांचे शिक्षण कॅनडातील टोरांटो विद्यापीठात झाले. तेथील प्राध्यापक विल्यम ब्लाट्झ यांचे प्रतिपादन असे होते की, आईवडिलांच्या आधाराची खात्री असलेले मूलच निःशंकपणे नवे जग धुंडाळू लागते. याच विचाराच्या आधारे एन्सवर्थ यांनी १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे १९५० पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्यासमवेत त्यांनी काम केले. तेथे जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयातील मुलांविषयी ठेवलेल्या बारकाईच्या नोंदी पाहून त्यांनी मनाशी ठरविले की, पुढे संधी मिळेल तेव्हा आपणही असेच प्रत्यक्ष निरीक्षण करावयाचे.

ती संधी १९५४ साली युगांडात मिळाली. कंपाला शहराजवळच्या खेड्यांतील २६ कुटुंबांना त्या केटी किबुका या स्थानिक सहकारी स्त्रीसह नियमाने भेटी देत. या पाहणीत एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्या माता आपल्या बाळाविषयी बारीकसारीक तपशील आपणहून सांगू शकत, त्यांची बाळे अधिक निर्धास्त असत. आई बाळाकडे किती लक्षपूर्वक पाहते, हेच त्या तपशिलातून प्रकट होत होते.

बाल्टिमोरची शिस्त

१९६० नंतरच्या दशकात हेच काम बाल्टिमोरमध्ये अधिक काटेकोरपणे करण्यात आले. येथेही २६ कुटुंबे निवडण्यात आली. बाळ तीन आठवड्यांचे झाल्यापासून ते ५४ आठवड्यांचे होईपर्यंत, दर तीन आठवड्यांनी, सुमारे चार तासांची एक भेट असा क्रम होता. या भेटींत व त्यानंतरच्या नोंदींच्या छाननीत विद्यार्थ्यांचा व सहायकांचा मोठा वाटा होता.

या कामाची शिस्त समजून घेण्यासारखी आहे. “आई प्रेमळ आहे” किंवा “मूल हट्टी आहे” असा शेरा म्हणजे निरीक्षण नव्हे. बाळ केव्हा रडले, किती वेळाने कोण आले, त्याला कसे उचलले, ते केव्हा शांत झाले, हे घडले तसे नोंदविणे म्हणजे निरीक्षण. निष्कर्षाची वेळ नंतरची असते. नोंदच पक्षपाती असेल, तर पुढील कोणतेही गणित तिला सुधारू शकत नाही.

बाळे एक वर्षाची झाल्यावर त्यांपैकी २३ बाळांना विद्यापीठातील एका खोलीत आणण्यात आले. बार्बरा विटिग यांच्या सहकार्याने रचलेली ही पद्धत “अपरिचित परिस्थिती” या नावाने ओळखली जाते. सुमारे २० मिनिटांच्या आठ लहान प्रसंगांत आई, बाळ आणि एक अनोळखी स्त्री यांचे येणेजाणे होते. आई बाहेर गेल्यावर मूल रडते की नाही, एवढ्यावर येथे निर्णय होत नाही. आई परत आल्यावर मूल काय करते, हे महत्त्वाचे. काही मुले तिच्याजवळ जाऊन लवकर शांत होत व पुन्हा खेळू लागत. ती “सुरक्षित” गटातील. काही तिच्याकडे पाठ फिरवीत. काही तिला बिलगत, पण रागही धरीत व शांत होत नसत. वर्षभर घरी केलेल्या नोंदींशी ही वागणूक ताडून पाहता असे दिसले की, बाळाच्या खुणा ओळखून वेळेवर प्रतिसाद देणाऱ्या मातांची मुले बहुधा पहिल्या गटात होती.

विद्यार्थ्यांनी काय भर घातली

सिल्विया बेल या विद्यार्थिनीने एन्सवर्थ यांच्यासमवेत १९७२ साली रडण्याविषयीचा लेख प्रसिद्ध केला. आरंभीच्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला त्वरित प्रतिसाद मिळाला, ती वर्षाअखेरीस कमी रडत होती, असे त्यात दाखविले होते. “रडल्यावर उचलले की मूल लाडावते” या समजुतीला हा धक्का होता. अर्थात यावर आक्षेपही आले. १९७७ साली गेविर्ट्झ व बॉइड यांनी या लेखातील गणिती पद्धतीवर टीका केली. २००० साली हॉलंडमधील संशोधकांनी पुन्हा पडताळा घेतला, तेव्हा तोच निष्कर्ष जसाच्या तसा हाती आला नाही. किरकोळ कुरकुर आणि खरी आर्तता यांत आईने भेद करणे योग्य ठरत असावे, असा विचार त्यातून पुढे आला. शास्त्राची वाट अशीच असते. गुरूंचे म्हणणेही पुन्हा तपासले जाते.

एव्हरेट वॉटर्स हे हॉपकिन्समध्ये पदवीचे विद्यार्थी असताना एन्सवर्थ यांच्याकडे शिकले आणि ही पद्धत घेऊन मिनेसोटा विद्यापीठात गेले. तेथे १९७८ साली त्यांनी दाखविले की, १२ व्या व १८ व्या महिन्यांत पाहिलेल्या ५० बाळांपैकी ४८ बाळे त्याच गटात राहिली. मात्र गरीब कुटुंबांतील १०० बाळांच्या १९७९ सालच्या अभ्यासात हे प्रमाण ६२ इतकेच भरले. आणि जेथे बदल प्रतिकूल दिशेने झाला, तेथे कुटुंबावरील ताणाच्या घटना अधिक होत्या. याचा अर्थ गंभीर आहे. बाळाची निर्धास्तता केवळ आईच्या स्वभावावर अवलंबून नसते. घरावर कोसळलेल्या अडचणींचाही तिच्याशी संबंध असतो.

मेरी मेन यांचा ओढा मूळचा भाषेकडे होता. एन्सवर्थ यांच्या आग्रहामुळे त्या बालकांच्या अभ्यासाकडे वळल्या. पुढे बर्कली येथे त्यांनी सहकाऱ्यांसह प्रौढांच्या मुलाखतीची एक पद्धत सिद्ध केली. तीत बालपण सुखाचे होते की दुःखाचे यापेक्षा, माणूस ते किती सुसंगतपणे सांगू शकतो, याला महत्त्व आहे. बालपणी दुःख भोगलेली व्यक्तीही चांगली आई वा चांगला पिता होऊ शकते, ही आशा त्यातून मिळते. अ‍ॅलिसिया लीबरमन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आघात सोसलेल्या लहान मुलांसाठी आई व मूल यांच्यावर एकत्र उपचार करण्याची पद्धत विकसित केली. रॉबर्ट मार्विन यांनी पालकांच्या मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात भाग घेतला. एकाच शाळेतून निघालेले हे विद्यार्थी गुरूंचे निष्कर्ष घोकत बसले नाहीत. त्यांनी नेली ती पाहण्याची सवय.

मापाचेही माप घ्यावे

बाल्टिमोरची कुटुंबे थोडी व मध्यमवर्गीय होती. तेव्हा तेथील माप सर्वत्र लागू पडेल काय? जर्मनीतील बीलेफेल्ड येथे जवळजवळ निम्मी बाळे पाठ फिरविणाऱ्या गटात आढळली. उलट जपानमधील साप्पोरो येथील अभ्यासात त्या गटात एकही बाळ नव्हते. जेथे बाळ सहसा आईपासून क्षणभरही दूर होत नाही, तेथे तीन मिनिटांचा विरहही फार मोठा ठरतो. आपल्याकडील एकत्र कुटुंबात आजी, आत्या, थोरली बहीण असे अनेक हात बाळाला सांभाळतात. त्यांचा विचार केल्यावाचून परके माप लावणे न्यायाचे नव्हे.

परक्या मापाचा हा प्रश्न आपल्या देशातही ओळखला गेला, आणि तोही मराठी मंडळींचे जुने वास्तव्य असलेल्या बडोद्यात. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी बेली या अमेरिकन विदुषीच्या विकासमापन-श्रेणी बडोद्यातील बाळांवर वापरून येथील प्रमाणके निश्चित केली. या अभ्यासाचा अहवाल १९७० साली निघाला व सुधारित आवृत्ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत शारीरिक हालचालींच्या ६७ व मानसिक विकासाच्या १६३ बाबी असून, जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांची तपासणी तिच्या साहाय्याने करता येते. या बडोदे प्रमाणकांतूनच १७ बाबी निवडून तिरुवनंतपुरम येथे एक सोपा तक्ता तयार करण्यात आला. परके माप आपल्या मुलांवर लादण्याऐवजी ते आपल्या मुलांवर पारखून घेणे, हा धडा त्यातून मिळतो.

आपल्या हातची वही

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला. त्यानंतर गावोगावी अंगणवाड्या उभ्या राहिल्या. अंगणवाडी सेविकेच्या हाती वजनाची नोंदवही आली, माता व बाल संरक्षण कार्डही आले. या नोंदी केवळ वरिष्ठांकडे पाठविण्यासाठी भरल्या, तर तो कागदाचा भार होतो. त्या पाहून लिहिल्या, तर तेच बालकाचे संरक्षण होय.

यासाठी पुढील गोष्टी कोणासही करता येतील. प्रथम जे दिसले ते लिहावे; मत मागाहून मांडावे. एकाच भेटीवरून मुलाविषयी कायमचा शेरा देऊ नये. काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे. मुलामध्ये बदल दिसल्यास आईला दोष देण्यापूर्वी घरात आजार, स्थलांतर वा कामाची टंचाई आली आहे काय, याची चौकशी करावी. बाळ अपेक्षित वयात मान धरीत नसेल किंवा आवाजाकडे वळत नसेल, तर विलंब न करता आरोग्य केंद्रात दाखवावे. आणि आईला प्रश्न विचारून तिचे बोलणे शांतपणे ऐकावे; तिच्याइतका तपशील दुसऱ्या कोणापाशी क्वचितच असतो.

एन्सवर्थ १९९९ साली निवर्तल्या. त्यांचे विद्यार्थी व विद्यार्थ्यांचे विद्यार्थी अनेक देशांत पसरले आहेत. त्यांच्या कामाचा आरंभ झाला तो कोणा एका घरात बसून, बाळ रडले तेव्हा घड्याळाकडे पाहून केलेल्या नोंदीने. तशी नोंद करण्यास लागणारी चिकाटी आपल्या गावातील शिक्षकांत व सेविकांतही आहे. तिला योग्य वळण व मान मिळाला, तर प्रत्येक अंगणवाडी ही मानव विकासाची एक प्रयोगशाळाच ठरेल.